मोटेच्या नाड्यापासून चेनपुलीपर्यंत

जड वस्तू हलवण्याचा इतिहास वाचताना आपण बहुधा बळाचीच मोजदाद करतो. १५४९ साली अहमदनगरात ओतलेली, सुमारे ५५ टनांची मलिक-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये परांड्याहून विजापूरला गेली, तेव्हा दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे जुंपली होती, असे परंपरा सांगते. बळापलीकडची युक्ती मात्र त्याआधीच, चौदाव्या शतकात, दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याच्या कारागिरांनी दाखवली होती. टोपऱ्याचा अशोकस्तंभ दिल्लीला न्यायचा होता. त्यांनी स्तंभाभोवती सावरीच्या कापसाचे ढीग रचले आणि मग बुडाची माती उपसली. स्तंभ अलगद कापसावर कलला; तो कापूस थोडाथोडा काढत त्याला जमिनीवर टेकवले. पुढे ४२ चाकांच्या गाड्यावरून तो यमुनाकाठी पोहोचला. ओझे पेलण्याइतकीच ते सावकाश सोडण्याचीही विद्या असते, हे आपल्याला इथे दिसते.

ओझे सुटण्याचा हाच प्रश्न विहिरीवरही होता. वर्धा भागातल्या विहिरींवर पाणी उपसायला मोट चाले. तिच्या चाकाने ओझे हलके होत नसे, ओढीची दिशा तेवढी बदले. म्हणून बैलांच्या चालीची वाट, म्हणजे धाव, उतरती ठेवत आणि बैलांच्या अंगचे वजनही कामी येई. पण मोटेचा दोर, म्हणजे नाडा, तुटला की भरली मोट थेट तळाशी. अनेक कप्प्या जोडून ओझे हलके करण्याची रीत आर्किमिडीजच्या काळापासून ठाऊक होती, तरी हात सुटला की भार खाली, हे भय उरलेच. ते घालवले थॉमस वेस्टनच्या १८५९ च्या विभेदी कप्पीने. किंचित लहानमोठी दोन चाके एकत्र आणि त्यांवरून फिरणारी एकच अखंड साखळी. अर्ध्याहून अधिक श्रम घर्षणातच जात. नेमक्या त्या घर्षणामुळे साखळी सोडली तरी भार जागचा हलत नसे.

भारत स्वतंत्र झाल्यावर या शहाणपणाला कायद्याचे बळ मिळाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने उचल-यंत्रे आणि साखळ्या वर्षातून निदान एकदा जाणकाराकडून तपासण्याचे, त्यांवर सुरक्षित भार स्पष्ट नोंदवण्याचे बंधन घातले. आज वर्धा भागातल्या आंजी (मोठी)सारख्या गावात विहिरीतली मोटार साखळीच्या कप्पीने, म्हणजे चेनपुलीने, वर काढायची, तर तिथे कारखान्याचा तपासनीस येत नाही. तिकाटण्याचे पाय घट्ट जमिनीवर आहेत ना, आकड्याची कडी मिटते का, खटका टकटक वाजत दात धरतो का, हे आपणच पाहायचे. विहिरीत उतरलेल्या माणसाला आधी वर घ्यायचे, मगच साखळीला हात लावायचा. हत्ती-बैलांपासून इथवर आलेल्या या विद्येचे पहिले कलम हेच मानले पाहिजे.