हॅरिएट टबमनची पेन्शन फाईल

नोव्हेंबर आला की घरातल्या आजी-आजोबांना बँकेत हयातीचा दाखला द्यायला न्यावं लागतं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. मी आजीला घेऊन गेले होते. आजी समोर उभी आणि मशीन म्हणतंय, अंगठा जुळत नाही! तेव्हा मला हॅरिएट टबमन आठवली.

गुलामगिरीतून स्वतः पळालेली आणि नंतर पुन्हा पुन्हा मागे जाऊन इतरांना सोडवणारी ही बाई. अमेरिकन यादवी युद्धात तिनं उत्तरेच्या सैन्यासाठी नर्स, स्वयंपाकीण आणि हेर म्हणून काम केलं. जून १८६३ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या कंबाही नदीवर जो छापा पडला, त्यात तिनं वाट दाखवली आणि ७०० हून जास्त गुलाम सुटले. पण ती रीतसर भरती झालेली शिपाई नव्हती. मग पेन्शन कसली?

पेन्शन द्यायचं काम वॉशिंग्टनच्या पेन्शन ब्युरोकडे होतं. हे ऑफिस साधंसुधं नव्हतं बरं का. १८८७ मध्ये पूर्ण झालेली त्याची लाल विटांची प्रचंड इमारत आजही उभी आहे. बाहेरच्या भिंतीवर चहूबाजूंनी कूच करणारे सैनिक कोरलेत. १८९० च्या कायद्यानं किमान ९० दिवस नोकरी केलेल्या सैनिकांच्या गरजू विधवांनाही पेन्शन खुली झाली. १८९३ च्या सुमारास तर केंद्र सरकारचा एक तृतीयांशाहून जास्त पैसा यातच जात होता. खोटे दावेही येत होते, त्यामुळे कारकुनांचा संशय अगदीच निराधार नव्हता.

हॅरिएटचा दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस सैनिक होता. तो १८८८ मध्ये वारला. तिनं विधवा म्हणून अर्ज केला आणि तिथंच घोळ झाला. सैन्याच्या कागदांवर त्याचं नाव होतं नेल्सन चार्ल्स! गुलामगिरीतून आलेल्या माणसांची नावं अशी बदलायची. आता डेव्हिस आणि चार्ल्स एकच, हे सिद्ध करा. लग्न सिद्ध करा. पहिल्या नवऱ्याचं काय झालं तेही सांगा. शेजारीपाजारी, ओळखीचे, सगळ्यांच्या साक्षी झाल्या. १८९५ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, महिना ८ डॉलर मंजूर झाले.

खरं सांगू का, मला या छळाचा राग येतो. पण इतिहास शोधणारी म्हणून मी त्याच कागदांची ऋणी आहे. गुलामांच्या जन्माचे, लग्नांचे दाखले फारसे कुणी ठेवलेच नव्हते. ब्युरोनं विश्वास ठेवला नाही, म्हणून हजारो कृष्णवर्णीय सैनिकांच्या आणि विधवांच्या साक्षी लिहिल्या गेल्या. कुणाचा मालक कोण होता, लग्न कुठं लागलं, मूल कधी झालं, सगळं त्यात आहे. आज त्या फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

हॅरिएट ८ डॉलरवर थांबली नाही. तिनं स्वतःच्या कामाचे १,८०० डॉलर मागितले. लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रतिज्ञापत्रावर फुलीची निशाणी केली. प्रकरण संसदेत गेलं. एका सभागृहात महिना २५ डॉलरची शिफारस झाली. दुसऱ्यानं हिशोब केला : नर्सचे १२, विधवेचे ८, झाले २०. हेरगिरीचं काहीच धरलं नाही. १८९९ मध्ये कायदा झाला आणि त्याच्या मजकुरात तर नर्सचाही उल्लेख नाही. तिथं ती फक्त नेल्सन डेव्हिसची विधवा आहे.