खडखड कुठून येते?

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या हॅचबॅकच्या पुढच्या डाव्या चाकाकडून 'टक-टक' ऐकू यायला लागलं. सगळे करतात तोच उपाय मी आधी केला: गाण्यांचा आवाज वाढवला. महिन्याभरात टक-टकची खडखड झाली, तेव्हा गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी डावं चाक जॅकवर उचललं, हलवून पाहिलं आणि सांगितलं, "दोन्ही शॉकअप बदला." पण शॉकअपमधून तेल गळत नव्हतं, गाडी उसळ्याही घेत नव्हती. मी सॉफ्टवेअरमधले बग शोधून पोट भरतो. चूक कुठे आहे हे कळण्याआधीच अख्खं मॉड्यूल बदलणाऱ्याचं आमच्याकडे फारसं कौतुक होत नाही. गाडी परत आणली आणि ठरवलं, ही यंत्रणा अशी का आहे ते आधी समजून घ्यायचं. त्यासाठी पार घोडागाडीपर्यंत मागे जावं लागलं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट याने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार स्प्रिंगचं पेटंट घेतलं. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेले तसे पाटे आजही ट्रकखाली दिसतात. पाट्याचं वैशिष्ट्य म्हणजे तो एकटा तीन कामं करतो. हादरा झेलतो, आस जागेवर धरून ठेवतो आणि पट्ट्या एकमेकींवर घासतात त्या घर्षणात उसळीही जिरवतो. घासणारी वस्तू कुरकुरणारच, त्यामुळे त्या काळी आवाजाचं कुणाला नवल नव्हतं.

पुढे मोटारीत गुंडाळीची स्प्रिंग आली. ती मऊ आणि हलकी होती, पण तिला एकच काम येत होतं. उसळी जिरवायला शॉकअप लागला, चाक धरून ठेवायला वर-खाली आर्म लागले, आर्म जोडायला बुश आणि बॉल जॉइंट लागले. प्रवास सुखाचा झाला आणि सांधे वाढले. प्रत्येक सांधा म्हणजे उद्याच्या आवाजाची एक जागा.

दुसरं महायुद्ध संपत असताना जनरल मोटर्सने १००० डॉलरच्या आत विकता येईल अशी छोटी शेव्हरोले बनवायला घेतली. तिचा मुख्य अभियंता होता अर्ल मॅकफर्सन. त्याने स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवले आणि चाक धरायचं कामही त्याच खांबावर टाकलं. वरच्या आर्मची गरजच उरली नाही. १९४७ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५० मध्ये ब्रिटनच्या फोर्ड कॉन्सल व झेफिर या गाड्यांत त्याची रचना लोकांसमोर आली. तिथे अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा, खालच्या आर्मला धरून ठेवायचंही काम करायचा. नंतरच्या अनेक गाड्यांत दांड्याची ही जबाबदारी काढून घेतली गेली आणि तो एका छोट्या लिंक रॉडने खांबाला जोडला गेला. माझी गाडी या वंशातली.

आपल्याकडे ही रचना मध्यमवर्गाच्या दारात आणली ती डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने. त्याआधीचा काळ अॅम्बेसेडरचा आणि कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीचा. त्या जमान्यातल्या गाड्यांना ठरावीक किलोमीटरनंतर ग्रीस पंप करून घ्यावं लागे. त्या निमित्ताने मिस्त्री गाडीखाली जाई आणि एकेका सांध्याला त्याचा हात लागे. मग ग्रीस भरून बंद केलेले बॉल जॉइंट आले, रबरी बुश आले. अशा बुशचं एक फ्रेंच व्यापारी नावच 'सायलेंटब्लॉक' आहे. गाडी खरोखर शांत झाली, आणि गाडीखाली जायचं कारणही गेलं.

मला भेटलेले मिस्त्रीकाका पद्मिनीवर शिकलेले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही, माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "स्पीडब्रेकरवर सरळ घे." आवाज नाही. "आता तिरकी घे." खड-खड! दोन्ही चाकं एकदम चढली की आडवा दांडा नुसता फिरतो. एकच चाक चढलं की तो पिळला जातो आणि सगळा ताण लिंक रॉडवर येतो. मग उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं, वर 'कट्ट' झालं नाही, म्हणजे खांबाचं वरचं माउंटिंग ठीक. ब्रेक दाबल्यावर 'धप्प' झालं नाही, म्हणजे आर्मच्या बुशवर संशय कमी. शेवटी गाडी पिटवर घेतली आणि दोन्ही चाकं जमिनीवर असताना लिंक हाताने हलवली. ती चक्क वाजली. सर्व्हिस सेंटरमध्ये एकच बाजू उचलल्यामुळे दांडा पिळला गेला होता, लिंक ताणली गेली होती आणि तिच्यातला खेळ लपला होता.

दोन्ही बाजूंच्या लिंक बदलायला तासभरही लागला नाही. गंजलेला नट सोडवताना आतला बॉल गरगर फिरायचा, म्हणून त्याला एल-कीने धरावं लागलं, तेवढाच त्रास. मी पैसे द्यायला खिशात हात घातला, तर काका टॉमी घेऊन पुन्हा खाली उतरले होते. त्यांनी खालच्या आर्मखाली टॉमी अडकवून रेटली आणि मला हाक मारली. डाव्या बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटली होती, आत पावसाचा चिखल गेला होता आणि सांधा हलत होता.

"लिंक तुटली तर आवाज होतो. हा सुटला तर चाक आडवं पडतं," ते म्हणाले.

"पण हा तर वाजतही नव्हता!"

"वाजायच्या आधी बघायची पद्धत होती पूर्वी."

तो जॉइंटही त्याच दिवशी बदलला. आता फोनमध्ये दर दहा हजार किलोमीटरला एक रिमाइंडर आहे. त्यात एवढंच लिहिलंय: गाडीखाली जा.