इंदिरा नावाची हत्तीण

आज हत्तीची गोष्ट सांगायची आहे. तेव्हा फराळाच्या ताटाशी घुटमळणाऱ्या मुलांनाही वाचकांनी खुशाल जवळ बोलावून घ्यावे. गोष्ट खरी आहे. तिच्यात राजे-महाराजे नाहीत. एक पंतप्रधान आहेत, एक हत्तीण आहे आणि युद्धात हरलेल्या एका शहरातील मुले आहेत.

मी सोलापूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेल्या एका गावात शाळामास्तर आहे. कादंबऱ्या लिहितो त्या रात्री. दिवसा सातवीला इतिहास शिकवतो. शिकवताना एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. लढाया मुलांच्या ध्यानात राहतात. पानिपत म्हटले की १७६१ हा आकडा शेवटच्या बाकावरूनही येतो. पण दोन देशांचे सूत कसे जुळले, हे विचाराल तर वर्गात शांतता. तो भाग पुस्तकात कलमांच्या रूपाने येतो आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरला जातो. जोसेफ नाय नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९९० च्या सुमारास 'सॉफ्ट पॉवर' असा शब्द रूढ केला. धाक न घालता आणि पैसा न चारता दुसऱ्याचे मन आपल्याकडे वळवण्याची ताकद, असा त्याचा सरळ अर्थ. पण नुसता शब्द मुलांपुढे ठेवून काय उपयोग? म्हणून मी हत्तीण ठेवली.

तोक्योतील उएनो येथील प्राणिसंग्रहालय १८८२ पासूनचे. महायुद्धाच्या काळात तिथे तीन हत्ती होते : जॉन, टोंकी आणि वानली. १९४३ च्या ऑगस्टमध्ये तोक्योच्या गव्हर्नरांचा हुकूम आला की, धोकादायक जनावरे मारून टाकावीत. बॉम्ब पडले आणि पिंजरे फुटले तर ती मोकाट सुटतील, हे कारण सांगितले गेले. वस्तुतः शहरावरचे मोठे हवाई हल्ले सुरू व्हायला अजून वर्षाहून अधिक अवकाश होता. युद्धाचे गांभीर्य प्रजेच्या मनावर ठसावे, हा त्यामागचा खरा हेतू होता, असे इतिहासकार सांगतात. टोंकीला सेंदाई शहरी पाठवून वाचवण्याची खटपट संग्रहालयाच्या माणसांनी केली. गव्हर्नरांनी ती मोडून काढली.

सिंह, वाघ, अस्वले गेली. हत्ती मात्र विषाला बधेनात. विष घातलेले बटाटे ते सोंडेने बाजूला सारीत. तेव्हा त्यांचे अन्नपाणी तोडण्यात आले. २९ ऑगस्टला जॉन मेला. ४ सप्टेंबरला संग्रहालयात मृत प्राण्यांसाठी प्रार्थनासभा झाली. पाहुणे आले, शाळेची मुले आली, भिक्षूंनी मंत्र म्हटले. त्या वेळी टोंकी आणि वानली जिवंत होत्या. त्या लोकांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून आडोसा केलेला होता. वानली ११ सप्टेंबरला गेली, टोंकी २३ ला. येथे मला वर्गात क्षणभर थांबावे लागते. जिवंत जनावराचे श्राद्ध घालणारी राजवट काय असते, हे सातवीच्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

युद्ध संपले. जपानवर अमेरिकेचा अंमल आला, १९४७ मध्ये नवे संविधान लागू झाले आणि शाळाशाळांतून लोकशाहीचे धडे सुरू झाले. उएनो ज्या तैतो विभागात येते, तेथील मुलांची एक 'बालसभा' भरू लागली. तिने काय मागावे? हत्ती! साऱ्या जपानात दोनच हत्ती वाचले होते, तेही नागोया शहरी. त्यांतला एक उसना मिळावा, असा अर्ज घेऊन मुलांचे प्रतिनिधी १९४९ मध्ये थेट वरिष्ठ सभागृहापर्यंत गेले. नागोयाकरांनी त्या दोघांना वेगळे करून पाहिले, तर दोघांनीही आकांत मांडला. तेव्हा तो बेत सोडावा लागला आणि मुलांनाच आगगाडीत घालून नागोयाला नेण्यात आले. मला ही बालसभा फार आवडते. लोकशाहीचा पहिला धडा मत देण्याचा, असे आपण समजतो. मला वाटते, तो मागण्याचा असावा. तोही न भिता.

मग मुलांनी पंडित नेहरूंना पत्रे लिहिली. शेकडो पत्रे आणि चित्रे कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याच्या हाती हिंदुस्थानात आली.

तो काळ आपल्या वाचकांनी आठवावा. स्वातंत्र्याला दोन वर्षे झालेली, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या, धान्याची टंचाई. घटना अजून संमत व्हायची होती. आणि मागणारा कोण, तर जपान! इंफाळ-कोहिमाच्या लढाईला जेमतेम पाच वर्षे होत होती. तिथे जपान्यांशी लढताना पडलेल्यांत आपले जवान होते. १९४२ पासून १९४५ पर्यंत अंदमान जपान्यांच्या ताब्यात होते आणि तिथल्या रहिवाशांचे जे हाल झाले ते आजही वाचवत नाहीत. अशा वेळी 'आमचेच आम्हांला पुरे झाले आहे' असे उत्तर गेले असते, तर त्यास कोणी नाव ठेवले नसते.

पण म्हैसूरकडची पंधरा वर्षांची एक हत्तीण निवडण्यात आली. तिला नाव मिळाले इंदिरा, पंतप्रधानांच्या कन्येचे. सोबतच्या पत्रात नेहरूंनी मुलांना कळवले की, ही भेट माझी नव्हे. हिंदुस्थानच्या मुलांनी जपानच्या मुलांना दिलेली आहे. १९४९ च्या सप्टेंबरअखेर हत्तीण तोक्योच्या बंदरात उतरली आणि रात्रीच्या वेळी शहराच्या रस्त्यांवरून पायी उएनोला गेली. न्याय म्हणून सांगतो, सयाम म्हणजे थायलंडकडूनही त्याच महिन्यात एक लहानगी हत्तीण येऊन पोचली होती. पण मोठी होती ती आपली.

आणि आता गंमत. या हत्तिणीला जपानी कळेना, हे उघड आहे. इंग्रजीही कळेना. तिला कळे फक्त कानडी! बरोबर गेलेले दोन माहूत काही आठवडे तिथे राहिले आणि जपानी रखवालदारांनी त्यांच्याकडून कानडी हुकूम शिकून घेतले. पुढल्या वर्षी इंदिरेने जपानातील कितीतरी गावांचा दौरा केला. १९५७ मध्ये नेहरू आपल्या कन्येसह जपानला गेले, तेव्हा दोन्ही इंदिरांची उएनोला भेट झाली.

एवढे सांगून मी खडू खाली ठेवला, तोच पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, म्हणजे हत्ती दिला म्हणून पुन्हा युद्ध झालं नाही?"

मास्तराने खोटे बोलू नये. नाही, असे म्हणता येत नाही. जपान पुन्हा लढला नाही, त्याला त्याचे संविधान, अमेरिकेचे सैन्य, हिरोशिमाची राख अशी अनेक कारणे आहेत. शिवाय आमच्या सोलापूरचेच उदाहरण उलट साक्ष देते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. चिनी लोकांनी त्यांचे पुतळे उभारले. तरी १९६२ चे युद्ध व्हायचे ते झालेच. मुलांना मी हेही सांगितले. सद्भाव म्हणजे तटबंदी नव्हे. तिच्या भरवशावर सीमा मोकळी टाकणे हा भाबडेपणा होय.

मग हत्तिणीने केले काय? मी एवढेच दाखवू शकतो की, ती एकटी नव्हती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलावणे नव्हते. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई सामन्यांना होते, आणि सर्वांत जास्त पदके जपाननेच नेली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या तहात जपानला बरोबरीचा मान मिळत नाही, म्हणून भारत तिकडे गेला नाही. ९ जून १९५२ रोजी त्याने निराळा तह केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा हक्क सोडला. १९५८ मध्ये जपानने परदेशाला दिलेले पहिले येन-कर्ज भारताच्या वाट्याला आले. यांतले कोणते कशामुळे, याचा हिशेब मांडू नये. कर्ज देणाऱ्याने आपला व्यापारही पाहिलेला असतो. परंतु ज्या देशातील पोरांना आपल्या नावाबरोबर आधी हत्ती आठवतो, तिथे आपल्या वकिलाला दार ठोठावताना थोडे कमी संकोचायला होत असेल, एवढे मी मानतो.

एक शल्य मात्र राहते. इंदिरा चौतीस वर्षे तिथे राहिली आणि १९८३ मध्ये तिथेच मेली. पुढल्या वर्षी आपण आणखी दोन हत्ती धाडले. हत्तीला कळप असतो, आई असते. दोन राष्ट्रांची मने जुळवण्यासाठी जिला घर सोडावे लागले, तिचे मत कोणी घेतले नव्हते. नागोयाच्या त्या दोघांचा आकांत मुलांनी समजून घेतला. आपण म्हैसूरच्या रानात तो ऐकला होता काय?

हे मी वर्गात बोललो नाही. बोलायला फुरसतही मिळाली नाही. आमच्या वर्गात काही मुले घरी कानडी बोलतात. त्यांतला एक भिंतीकडे बसतो. मराठी चुकेल या भीतीने वर्षभरात त्याने आपणहून तोंड उघडले नव्हते. मी उएनोचे चित्र फळ्याला टाचले होते. तो उठला, चित्रापाशी आला आणि कानडी घरातल्या लेकराला हाक मारावी तसा म्हणाला, "इल्ली बा!" इकडे ये.

साऱ्या वर्गाने मग त्याच्याकडून तेवढी कानडी शिकून घेतली.