कोठारातले धान्य आणि ताटातले अन्न

पन्हाळगडावरील अंबरखाना पाहणाऱ्यास दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. कोठारांची नावे गंगा, यमुना आणि सरस्वती; आणि त्यांतील सर्वांत मोठ्या गंगा कोठाराची क्षमता सुमारे २५,००० खंडी. तेथे वरी, नागली आणि भात साठवीत, हे तिसरे वाक्य मात्र बहुधा वाऱ्यावर जाते. मला ते सर्वांत मोलाचे वाटते.

हीच धान्ये का? नागलीचा दाणा बारीक व टणक. त्याला कीड सहसा लागत नाही व तो वर्षानुवर्षे टिकतो. भात आणि वरी यांचे रक्षण त्यांची टरफलेच करतात. सडलेल्या तांदळात पोरकिडे होतात, टरफलासकट ठेवलेल्या भाताला ती भीती फार कमी. परंतु जे धान्य किड्याला दाद देत नाही, ते माणसालाही सहजासहजी देत नाही. भात कांडावा लागतो, नागली दळावी लागते. कोठारात धान्य असते, अन्न नसते.

१६६० साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत पन्हाळ्याभोवती होता. त्या वेढ्याचा, महाराजांच्या निसटण्याचा आणि बाजीप्रभूंच्या बलिदानाचा इतिहास आपणांस मुखोद्गत आहे. पण त्या चार महिन्यांतल्या प्रत्येक दिवशी गडावर कोणीतरी उखळापाशी आणि जात्यापाशी बसले असेल, आषाढाच्या पावसात कोरडे सरपण शोधले असेल. तसे झाले नसते, तर भरलेले कोठारही गडाला तगवू शकले नसते. त्या हातांची नोंद आपल्याकडे नाही.

देशावरच्या कोरड्या मुलखात ज्वारी पेवात ठेवीत. जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्याचे अस्तर आणि वर मातीने लिंपलेले तोंड. पेव उघडल्याबरोबर आत उतरणे जिवावर बेतू शके, कारण तेथे कोंडलेली हवा प्राणघातक असे. म्हणून तोंड उघडून काही काळ वाट पाहत. धान्याला विशिष्ट वास लागे आणि एकदा वारा लागला की ते लवकर संपवावे लागे. त्यामुळे पेव फोडणे हा मोठा निर्णय असे. रोजच्या भाकरीसाठी घरात कणगी असे. ती सुगीला भरे आणि वर्षभर शेरा-शेराने उतरत जाई. पेव हा ठेवा होता, कणगी हा प्रवाह.

कोकणात या प्रवाहाला आगोटीची बेगमी म्हणत. मृगापूर्वी कुळीथ, वाल, आमसुले, पापड, सांडगी मिरच्या आणि मासे खाणाऱ्यांच्या घरी सुकट, सोडे, बोंबील हे सारे वैशाखाच्या उन्हात वाळवून डब्या-मडक्यांत जाई. कडधान्याला राख किंवा एरंडेल चोळीत. मग आषाढात भाजी मिळेना, होडी समुद्रात जाईना, तरी ताटात भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला पापड असे. या जेवणाला कोणी आपत्काळाचे जेवण म्हटले नाही. उलट परगावी गेलेला कोकणी माणूस त्याच पिठीसाठी झुरतो. साठवणीचे यश याहून वेगळे काय असते?

१९७२ च्या दुष्काळाची आठवण येथे उपयोगी पडते. त्या वर्षांत रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळाला. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या तो ज्वारीच. पण ज्वारीवर वाढलेल्या माणसांनाही त्याची भाकरी गोड लागली नाही, आणि ती सल पुष्कळांच्या बोलण्यात पुढे अनेक वर्षे राहिली. मिलोने माणसे जगवली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही त्या धान्याशी हाताची ओळख नव्हती, जिभेची नव्हती. केवळ संकटात समोर आलेले धान्य ताटात परकेच राहते.

म्हणून साठवणीचा इतिहास केवळ खंडींत मोजता येत नाही. जो साठा रोज थोडाथोडा खाल्ला जातो आणि दरसाल नव्याने भरला जातो, तोच कठीण काळी ओळखीचा ठरतो. अंबरखान्याच्या भिंती आजही उभ्या आहेत. त्या धान्याचे अन्न करणारी विद्या मात्र घरोघरी तोंडी चालत आली, आणि जाती-उखळे अडगळीत गेली तेव्हा तिचा बराचसा भाग नोंदीवाचून गेला. पुढच्या वेळी गंगा कोठारात शिरताना छताइतकेच त्या न दिसणाऱ्या जात्याकडेही लक्ष द्यावे.