एअर फ्रायरमधील कुरकुरीत फ्राइज

नावात ‘फ्रायर’ असले तरी या यंत्रात तळण होत नाही. तापलेली हवा पंख्याने पदार्थाभोवती वेगाने फिरवली जाते. म्हणजे ही खरे तर लहानशी भट्टीच. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये एअर फ्रायर बाजारात आणला.

फ्राइज काळपटतात, तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसून बटाट्याचा असतो. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि कोंब फुटू नयेत म्हणून बटाटा फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह होतो. थंडीत त्यातील स्टार्चची साखर होते व फोडी आतून शिजण्याआधीच बाहेरून करपतात. शिवाय करपलेल्या बटाट्यात अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्यास अपायकारक मानले जाणारे रसायन अधिक असते. त्यामुळे सोनेरी रंगावर थांबणे हिताचे.

बोटाएवढ्या फोडी अर्धा तास गार पाण्यात ठेवून कापडावर अगदी कोरड्या कराव्यात. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि फ्राइज लिबलिबीत होतात. अर्धा किलोस एक मोठा चमचा तेल पुरते. जाळीत फोडींचा एकच थर द्यावा. १६० अंशांवर १२ ते १५ मिनिटे, मग १९० अंशांवर ६ ते ८ मिनिटे. मध्ये एकदा हलवावे. मीठ शेवटी, कारण त्याने पाणी सुटते.