यजमान, पाहुणा आणि मधलं फडताळ

वडिलोपार्जित घराच्या वाटण्या होतात तेव्हा खोल्यांवरून फारसं वाजत नाही. थोरल्याला माजघर, धाकट्याला ओटी, मध्ये एक भिंत, की मिटलं. वाजतं ते विहिरीवरून. कारण विहीर सामाईक असते, आणि सामाईक या शब्दाचा अर्थ आमच्या कोकणात तरी ‘जिच्यावर दावा चालू आहे ती’ असा आहे.

संगणकाच्या घरातही अगदी हेच झालं. एका संगणकाच्या पोटात, नुसत्या प्रोग्रॅमच्या जोरावर, दुसरा संगणक उभा करता येतो. त्याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. बाहेरचा तो होस्ट, म्हणजे यजमान. आतला तो गेस्ट, म्हणजे पाहुणा. सारं घर आपलंच आहे अशी या पाहुण्याची ठाम समजूत असते. (अशी समजूत नसलेला पाहुणा मी तरी अजून पाहिलेला नाही.) मात्र दोघांना एकमेकांचे कागद हवे असतील, तर मधल्या भिंतीत दोन्हीकडून उघडणारं एक फडताळ ठेवावं लागतं. त्याचं नाव शेअर्ड फोल्डर. आणि पाहुण्याच्या बाजूने ते उघडत नाही, ही तक्रार फार जुनी आहे.

मी बँकेतला कारकून, शिक्षण बी. कॉम.; या भानगडीत पडायचं मला कारण नव्हतं. पण आमच्या सोसायटीचे जुने हिशेब एका हौशी सभासदाने लिहिलेल्या प्रोग्रॅमात आहेत, आणि तो प्रोग्रॅम जुन्या लिनक्सशिवाय चालत नाही. म्हणून त्याला नव्या संगणकात पाहुणा ठेवलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना त्यांची जुनी ठेव परत हवी होती. पुरावा पाहुण्याच्या पोटात, आणि फडताळ बंद! आजी रोज जिन्यात गाठून विचारायच्या, “काय रे, सापडलं का माझं खातं?” शेवटी भाच्याला बोलावलं, आणि तो येईपर्यंत मी इतिहास वाचत बसलो.

१९६४ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी, आयबीएमच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि मंडळींनी सीपी-४० नावाचं काम हाती घेतलं. तेव्हाचा संगणक खोलीभर मोठा आणि भलताच महाग. तो अनेकांनी वापरायचा कसा? यांनी तोडगा काढला : प्रत्येकाला अख्खा संगणक मिळाल्याचा भास निर्माण करायचा! १९६७ च्या सुरुवातीला ते चालूही झालं. त्यातूनच पुढे १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आली.

प्रत्येक आभासी यंत्राला मोठ्या डिस्कचा एक तुकडा मिळे, मिनीडिस्क. दुसऱ्याचा तुकडा बघायचा तर दोन पायऱ्या. आधी ‘लिंक’ची आज्ञा, म्हणजे मालकाची परवानगी, मग ‘अॅक्सेस’ची आज्ञा, म्हणजे आपल्या बाजूने तो तुकडा दप्तरी दाखल करून घेणं. आम्हा बँकवाल्यांना हे लगेच कळतं. लॉकरला दोन किल्ल्या असतात, एक बँकेची, एक गिऱ्हाइकाची. एकीने उघडत नाही.

गंमत पुढेच आहे. ‘अॅक्सेस’ करताना फायलींची यादी वाचून घेतली जाई. नंतर मालकाने फायली बदलल्या तरी बघणाऱ्याच्या हातात यादी जुनीच. म्हणजे पासबुक सोमवारचं आणि लेजर शुक्रवारचं! उपाय एकच : पुन्हा ‘अॅक्सेस’ करा, पासबुक भरून घ्या. आणि दोघांनी एकाच वेळी लिहायला घेतलं, तर दोघेही आपापली यादी डिस्कवर ठोकून देत आणि फायलींचा चुथडा होई. कारण आतली सीएमएस प्रणाली एकट्यासाठीच बांधलेली. घरात दुसरं कुणी असेल हे तिच्या गावीही नव्हतं.

पुढे सन कंपनीने १९८४ साली जाळ्यावरून फायली वाटून घेण्याची एनएफएस पद्धत काढली. तिच्यात शिळ्या पासबुकाला ‘स्टेल फाइल हँडल’ असं भारदस्त नाव मिळालं. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने आभासी यंत्र साध्या टेबलावरच्या संगणकावर आणलं, २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स आलं, आणि ही फडताळं घरोघर झाली.

किल्ल्या मात्र त्याच राहिल्या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यजमानाने फोल्डर देऊ केला तरी पाहुण्याच्या अंगी ‘गेस्ट अॅडिशन्स’ नावाची सामग्री लागते. लिनक्स पाहुण्याचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला की ती पुन्हा जुळवून घ्यावी लागते; नाही तर ‘ही फाइल सिस्टिम ओळखीची नाही’ असा कोरडा जबाब. फोल्डरचं नाव चुकलं, तर ‘प्रोटोकॉल एरर’. आमच्याकडे सही जुळली नाही तर चेक परत येतो, पण निदान कारण लिहिलेलं असतं! मार्च २०१४ मध्ये तर ४.३.१० या आवृत्तीत एक दुवा भलत्याच जागेकडे बोट दाखवत होता. दोन्ही किल्ल्या बरोबर, पण लॉकरचा पत्ताच चुकीचा. जगभरची फडताळं बंद. एका ओळीच्या आज्ञेने दुवा सरळ केला की उघडत. अखेर मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ गाभ्यातच ही सोय आली आणि पाहुणा स्वतःची किल्ली घेऊनच येऊ लागला.

भाचा आला आणि त्याने क्रमाने तीनच प्रश्न विचारले. यजमानाने दिलंय का? पाहुण्याकडे घ्यायची सामग्री आहे का? आणि बसलेल्या माणसाला हात लावायचा अधिकार आहे का? आमचं अडलं होतं तिसऱ्यावर. फडताळ दिसत होतं, पण ज्या गटाला ते उघडायची मुभा होती, त्यात आमच्या खात्याचं नावच नव्हतं. त्याने नाव घातलं, पुन्हा लॉग-इन केलं, आणि आजींची ठेव व्याजासकट पडद्यावर आली.

“एवढंच होतं?” आजी म्हणाल्या. “मग इतके दिवस काय करत होतात?”

आता त्यांना काय सांगणार? वेगळं कसं राहायचं हे त्या केंब्रिजवाल्यांनी यंत्राला तीन वर्षांत शिकवलं. फडताळ सामाईक कसं वापरायचं, याची शिकवणी अजून चालूच आहे.