खुंटी, ठोका आणि मिडीची तार

यंत्रमागाच्या इतिहासावर अधिकाराने लिहू शकतील असे आपल्या बॅचमध्ये पाच-सहा जण तरी आहेत. त्यांची घरंच त्यावर चालली. म्हणून मी शेजारचा विषय घेते: तालयंत्रांचा इतिहास. पण भिवंडीकरांना तो सांगायचा तर सुरुवात मागापासूनच करणं सोपं.

साध्या मागावर कोरं कापड निघतं. नक्षी हवी असेल तर मागावर डॉबी बसवतात. लाकडी पट्ट्यांची माळ, पट्ट्यांना भोकं, भोकांत खुंट्या. माळ एकेक पट्टी पुढे सरकते. खुंटी असेल तिथले ताण्याचे धागे उचलले जातात, नसेल तिथले खालीच राहतात, मधून धोटा जातो. माळ संपली की पुन्हा पहिली पट्टी. नक्षी बदलायला माग बदलावा लागत नाही, खुंट्या बदलतात. फ्रान्समध्ये जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हेच काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवलं आणि दोऱ्या ओढायला बसवलेल्या पोराची गरज संपवली. इंजिनिअरिंगला संगणकाच्या इतिहासात जॅकार्ड पहिल्याच धड्यात येतो. आपल्या गावच्या मुलीला तो धडा समजावून सांगावा लागला नाही.

सिक्वेन्सर म्हणजे आवाजाची डॉबी. सोळा बटणांची रांग, प्रत्येक बटण म्हणजे मात्रेचा एक छोटा भाग. बटण दाबलेलं असेल तिथे ठोका पडतो, नसेल तिथे शांतता, सोळावं झालं की पुन्हा पहिलं. जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० साली आलं, त्यात ही रांग आवाजासकट एकाच पेटीत होती. खरा ड्रम कानात असलेल्यांना त्याचा आवाज खोटा वाटे. सुमारे १२ हजार पेट्या बनवून कंपनीने १९८३ मध्ये उत्पादन थांबवलं.

त्यातली एक पेटी मुंबईत आली होती. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गिटार वाजवणारे वादक. त्यांच्याकडे ८०८ होतं, रोलँडचंच बासचं यंत्र टीबी-३०३ होतं आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर होता. १९८२ मध्ये त्यांनी ललत, भूप, मेघमल्हार, मालकंस असे दहा राग या यंत्रांवर बसवले. तबला बाजूला ठेवला आणि खाली डिस्कोचा ठेका दिला. ३०३ वर एक सूर दुसऱ्यात घसरत नेता येतो. मींडेची सवय असलेल्या कानाला त्यात काय सापडलं असेल, हे तबकडी ऐकल्यावर कळतं.

एचएमव्हीने काढलेली ती तबकडी चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या तरुणांनी त्याच ३०३ मधून अ‍ॅसिड हाऊस नावाचं नाचाचं संगीत काढलं आणि ते जगभर गेलं. पुढे एका डच संग्राहकाला जुन्या तबकड्यांत चरणजीत सिंगांची तबकडी मिळाली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणाऱ्यांना तारीख खरी वाटेना. सत्तरी ओलांडलेले चरणजीत सिंग मग युरोपात जाऊन ते राग वाजवून आले. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. अ‍ॅसिड हाऊस त्यांनी शोधलं, असं काही जण लिहितात. मला ते पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती. एकाच यंत्रातून दोन गावांत दोन वाटा निघाल्या, आणि आपल्याकडची आधी निघाली, एवढं श्रेय मला पुरेसं वाटतं.

१९८२ हे साल आपल्या गावालाही ठाऊक आहे. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचं बरंच काम भिवंडीच्या मागांवर आलं.

आता तारेकडे येते. ८०८ आणि ३०३ एका तालात चालवायला पाच पिनांची एक केबल पुरते. तिच्यातून दर मात्रेला २४ ठोके जातात आणि 'सुरू', 'थांब' एवढं कळतं. पण ही भाषा सगळ्या कंपन्यांची नव्हती. रोलँडचे काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने समाईक भाषा ठरली, ती मिडी. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले. (त्याच वर्षी मिलानच्या प्रदर्शनात बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड मांडलं. पुठ्ठे तिथूनच जाऊ लागले.) मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातो: कुठला सूर, किती जोराने, कधी. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड सगळ्यांनी पाहिलाय. १९८५ च्या पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. काठी त्यावर पडायची आणि वाजायची तारेपलीकडची पेटी.

८०८ मिडीच्या आधीचं. त्याच्या पाच पिनांच्या खाचेत मिडीची केबल अगदी नीट बसते आणि काहीही होत नाही, कारण आकार तोच असला तरी भाषा वेगळी. आजच्या सिक्वेन्सरवरून ते वाजवायचे दोन मार्ग आहेत. एक, मध्ये छोटी दुभाषी पेटी लावायची. मिडीतही मात्रेला २४ ठोके असतात, ती पेटी तेच ८०८ ला समजतील असे करून देते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत दर २०.८ मिलिसेकंदाला एक ठोका. लय सिक्वेन्सरची, पण ठेका ८०८ च्या पोटातलाच. दुसरा मार्ग म्हणजे पेटी उघडून आत नवं सर्किट बसवायचं. मग ३६ नंबरचा सूर आला की मोठा ड्रम, ३८ ला स्नेअर. प्रत्येक ठोका बाहेरून सांगता येतो, ८०८ कडे फक्त गळा उरतो.

दुसरा मार्ग सोयीचा आहे, पण मला पहिला आवडतो. खुंट्या काढून टाकलेली डॉबी मागावर ठेवून काय करायचं?

ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट नाही. नव्वदच्या दशकात चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात मोठ्या वाद्यवृंदाचं काम प्रोग्रॅमिंग करणारा एक जण आणि मोजके वादक करू लागले. कित्येक व्हायोलिनवाले, त्यांत गोव्याचे कितीतरी, घरी बसले. चरणजीत सिंग त्याच वादकांपैकी होते, आणि नवी यंत्रं आधी हाताळणाऱ्यांपैकीही. आपल्याकडे जुने धोट्याचे माग भंगारात वजनावर जाताहेत, ते चालवणारे हात दुसरीकडे काम शोधताहेत. मी ज्या धंद्यात आहे तो हुकूम लिहिण्याचा आहे, त्यामुळे या हिशेबात मी कुठल्या बाजूला उभी आहे हे मला कळतं.

एक विनंती. कुणाच्या कारखान्यात डॉबीची खुंट्यांसकट माळ अजून पडलेली असेल तर स्नेहसंमेलनाला आणा. तिच्यावरची नक्षी ८०८ च्या सोळा बटणांवर कशी उतरवायची ते मी दाखवीन. आणि माळ्यावरच्या जुन्या तबकड्यांत दहा रागांची ती एचएमव्हीची तबकडी निघाली, तर रद्दीवाल्याला देण्याआधी मला फोन करा.